सव्वापस्तीस इंचांचा हात

ईरी गावात कुणी नुसतं "एक पौंड" म्हटलं तरी नॉर्बर्ट कुबियाकच्या मनात पाल चुकचुकायची. यात त्याचा तसा दोष नव्हता. एकतीस वर्षं तो जिल्ह्याचा वजनमापे निरीक्षक होता. एकतीस वर्षं खाटकांचे तराजू, पेट्रोलचे पंप आणि गालिच्यांची भेंडोळी तपासत फिरलेल्या माणसाचा जगावरचा विश्वास कितीसा उरणार? निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी पाव आणला की तो घरी तोलून बघायचा. फादर "दोनच शब्द बोलतो" म्हणाले की बाकावर बसून बोटांवर मोजायचा. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला लॉरेटा म्हणाली होती, "नॉर्ब, माझं तुझ्यावर पूर्वीइतकंच प्रेम आहे." तेव्हा "पूर्वीइतकं म्हणजे किती" हा प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला होता. तो त्याने गिळला. तेवढी समज त्याला होती.

अशा संशयी माणसाच्या नशिबी अँकर्ससारखा अमेरिकन फुटबॉलचा संघ यावा, हा दैवाचा खेळ. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. संघाचं नाव ठेवणाऱ्याच्या मनात भक्कमपणा वगैरे असावा, पण संघाने त्यातून तळ गाठायचा एवढंच घेतलं होतं. एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी ड्राफ्ट असतो. कॉलेजात खेळून तयार झालेली पोरं त्या संध्याकाळी सगळे संघ पाळीपाळीने उचलतात, आणि आदल्या वर्षी जो जास्त हरला त्याची पाळी आधी. त्यामुळे अँकर्सची पाळी नेहमी लवकर यायची आणि निवड नेहमी फसायची. एका वर्षी त्यांनी उचललेला पळणारा गडी पहिल्याच सरावात बसमधून उतरताना पाय मुरगळून बसला. दुसऱ्या वर्षीच्या एकाला थंडी सोसायची नाही, आणि ईरीत जूनपर्यंत स्वेटर लागतो.

यंदा पाळी सातवी होती, आणि आख्ख्या गावाच्या तोंडी एकच नाव होतं: वेंडल ऑप्पेगार्ड. नॉर्थ डाकोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा, उंची सहा फूट सात इंच. काम एकच, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या डाव्या अंगाला उभं राहायचं आणि त्याला चिरडायला येणाऱ्यांना हातभर लांब ठेवायचं. या कामाला हात लांब लागतात. ऑप्पेगार्डचा हात खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सव्वापस्तीस इंच आहे, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं.

"सव्वापस्तीस," शेजारचा डेल होफाकर कुंपणापलीकडून म्हणाला. "नॉर्ब, असा हात वीस वर्षांत आला नाही. हा मिळाला तर आपण सुटलो."

डेलशी नॉर्बर्टचं बोलणं मोजकंच होतं, बर्फ आणि फुटबॉल या दोनच विषयांवर. डेलचं पूर्वी गालिच्यांचं दुकान होतं. १९९८ साली नॉर्बर्टने तिथल्या बारा फुटी गालिच्यात साडेचार इंच कमी काढले होते आणि दुकानाच्या काचेवर पिवळी नोटीस आठवडाभर चिकटवली होती. तेव्हापासून डेलने बाकीचे विषय बंद केले होते.

"कुणी मोजला?" नॉर्बर्टने विचारलं.

"काय?"

"हात. मोजला कुणी?"

खरी ग्यानबाची मेख इथेच होती. फेब्रुवारीत सगळ्या पोरांना एका ठिकाणी आणून त्यांची मापं घेतात. त्या वेळी ऑप्पेगार्ड गालगुंड होऊन घरी पडला होता. सव्वापस्तीस हा आकडा त्याच्याच कॉलेजाने दिलेला होता.

"म्हणजे तराजू दुकानदारानेच धरला," नॉर्बर्ट म्हणाला.

डेलने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो घरात निघून गेला.

वर्तमानपत्रात ऑप्पेगार्डचा एक फोटो होता. तो पेट्रोल पंपाला हात टेकून उभा होता. नॉर्बर्टने ओळखलं, तसलेच पंप कोपऱ्यावर आहेत. खिशातली मोजायची फीत घेऊन तो गेला, पंपाची उंची घेतली, फोटोवर पट्टी ठेवली आणि दोन दिवस स्वयंपाकघराच्या टेबलावर त्रैराशिकं मांडली. उत्तर चौतिसाच्या आतच येत होतं.

"फोटोत माणूस तिरका उभा असेल," लॉरेटा पिएरोगी लाटता लाटता म्हणाली.

"तिरका उभा का असेल? कुणी सांगितलं असेल त्याला तिरकं उभं राहायला?"

लॉरेटाने पुढची पारी उचलली. तिला पिएरोगीत बटाटा भरायचा होता.

नॉर्बर्टने क्लबला पत्र लिहिलं. पत्र सभ्य होतं. एका जबाबदार माजी अधिकाऱ्याची सूचना, की माल उचलण्यापूर्वी स्वतः मोजून घ्यावा. चार दिवसांनी लठ्ठ पाकीट आलं. आत नांगराचं रंगवायचं चित्र, सहा मेणखडू आणि "प्रिय छोट्या दोस्ता" असं सुरू होणारं पत्र होतं. क्लबने त्याचं नाव बालचाहत्यांच्या यादीत घातलं होतं.

या अपमानाने तो दोन दिवस जेवला नाही असं नाही, पण जेवताना बोलला नाही. मग सल्ले सुरू झाले. न्हाव्याने सांगितलं, वकील कर. फादर म्हणाले, प्रार्थना कर. समोरच्या ऑर्सिनीबाई, शिंप्याच्या विधवा आणि स्वतःही हात न थरथरता काज करणाऱ्या, म्हणाल्या, "कुबियाक, एवढं खटकतंय तर सरकारात जा. तू सरकारच होतास ना?"

म्हणून तो आपल्याच जुन्या कचेरीत गेला. त्याच्या खुर्चीवर आता जनीन पॉटर बसायची. तिला हे काम त्यानेच शिकवलं होतं.

"तक्रार कशाबद्दल, साहेब?"

"हाताबद्दल."

"तुमच्या?"

"ऑप्पेगार्डच्या."

जनीनने पेन खाली ठेवलं. "हात हा माल नाही."

"लांबी सांगून देतात घेतात तो माल. ही व्याख्या तुला कुणी शिकवली?"

"तुम्ही," ती म्हणाली, आणि नाइलाजाने फॉर्म काढला. फॉर्म भरताना दोन अडचणी निघाल्या. एक, तक्रारीसोबत प्रत्यक्ष घेतलेलं माप जोडावं लागतं, फोटोवरचं चालत नाही. दोन, माल जिल्ह्याच्या हद्दीत असावा लागतो. "नॉर्थ डाकोटातला हात माझ्या अखत्यारीत येत नाही, साहेब. इथे आला की बघू."

तो इथे येणार नाही अशी तिची खात्री असावी. पण ड्राफ्टच्या आधी क्लब निवडक पोरांना गुपचूप भेटीला बोलावतात, आणि हॉटेलात नावं लिहून घेणारी मुलगी ऑर्सिनीबाईंची भाची निघाली. सोमवारी संध्याकाळी बाईंनी रस्ता ओलांडून बातमी दिली. मंगळवारी सकाळी आठ वाजता नॉर्बर्ट खिशात फीत घालून हॉटेलच्या न्याहारीच्या दालनात उभा होता.

ऑप्पेगार्ड ओळखायला वेळ लागला नाही. तो दोन खुर्च्या जोडून बसला होता आणि धिरड्यांची चवड मान खाली घालून, फार शिस्तीत संपवत होता. काय सांगून मोजायचं हे नॉर्बर्टने ठरवलंच नव्हतं. तो जवळ गेला आणि त्याने फीत बाहेर काढली. पोरगा तत्काळ उठून उभा राहिला. दालनातला उजेड कमी झाला.

"तुम्ही सूटवाले का, सर?"

नॉर्बर्ट म्हणाला, "हं."

एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि अकरा वर्षांच्या निवृत्तीत तो खोटं बोलला नव्हता. बोलला तेही एका अक्षराचं.

"बरं झालं," पोरगा म्हणाला. "एजंट म्हणाला होता सुटाचं बघतो, पण आता तो फोनच उचलत नाही. ड्राफ्टला सगळे सूट घालून बसतात. माझ्याकडे नाहीये. बाबांचा होता, तो मला नववीतच आखूड झाला." मग न सांगताच त्याने हात आडवा पसरला, खत वाहणाऱ्या गाडीच्या दांड्यासारखा.

नॉर्बर्टने खुर्चीवर चढून मोजला. फितीची कडी खांद्याच्या हाडावर, दुसरं टोक बोटावर. पावणेचौतीस. पुन्हा मोजला. पावणेचौतीस. दीड इंचाची सरळ सरळ फसवणूक. संशय खरा ठरला की माणसाला जो आनंद होतो तो काही चांगला आनंद नव्हे, पण आनंद असतो खरा. त्या भरात त्याने छाती, कंबर आणि पायही मोजले, कारण नुसता हात मोजणारा शिंपी जगात नसतो.

"निळा चालेल?" पोरगा म्हणाला. "आईला निळा आवडतो. ती पण येणार आहे. विमानात पहिल्यांदाच बसेल."

नॉर्बर्टच्या हातात पेन होतंच. त्याने "निळा" असं लिहून घेतलं. पत्ताही लिहून घेतला.

घरी आल्यावर त्याने लॉरेटाला आधी माप सांगितलं आणि मग, कोट काढता काढता, उरलेलं.

"तू त्या पोराला सूट कबूल केलास?"

"मी कबूल नाही केला. मी 'हं' म्हणालो."

"नॉर्ब," लॉरेटा म्हणाली, "तू मला लग्नाचं विचारलंस तेव्हा मीही 'हं'च म्हणाले होते. त्रेचाळीस वर्षं झाली."

सूट शिवावाच लागणार होता, आणि नऊ दिवसांत. ऑर्सिनीबाईंनी मापांचा कागद डोळ्यांपासून लांब धरून, जवळ धरून वाचला.

"हा माणूस घडलाय कसा? एवढ्या उंचीला एवढे हात? नवऱ्याबरोबर मी पन्नास वर्षं कापड कापलंय. हे अंग जुळत नाही."

"तेच तर मी म्हणतोय. हात आखूड आहेत."

"सगळंच आखूड आहे. फीत बरोबर होती ना?"

नॉर्बर्टने आधी राग आवरला. "बाई, या जिल्ह्यात फितीबद्दल लोकांना मी विचारत आलो. मला कुणी विचारलेलं नाही."

बाईंनी खांदे उडवले आणि कागदाबरहुकूम कापलं. बाईंच्या घरी कपड्यांचा पसारा मांडायला जागा नव्हती, म्हणून मशीन कुबियाकांच्या स्वयंपाकघरात आलं. आठवडाभर टेबलाच्या एका टोकाला ऑप्पेगार्डचा सूट शिवला जात होता आणि दुसऱ्या टोकाला नॉर्बर्ट ऑप्पेगार्डविरुद्ध पत्र लिहीत होता. हात मंगळवारी संध्याकाळच्या विमानाने जिल्ह्याबाहेर गेल्यामुळे जनीनने तक्रार बंद केली होती. आता क्लब हाच मार्ग उरला होता. "मी स्वतः मोजला आहे. पावणेचौतीस. निवड करू नये."

"पोराने तुझ्यापुढे हात पसरला," लॉरेटा सुटाला बटणं लावताना म्हणाली. "आणि तू हे लिहितोयस."

"जे आहे ते आहे. मी वाढवून लिहिलेलं नाही, कमी करून लिहिलेलं नाही."

"तसं मी कुठे म्हणाले?"

पत्र त्याने तीन वेळा फाडलं. चौथं रजिस्टर करून टाकलं. त्याच टपाल कचेरीतून त्याने सुटाचं खोकंही पाठवलं. खिडकीवरच्या माणसाने दोन्ही एकदम घेतलं, तेव्हा नॉर्बर्टला उगाचच वाटलं की तो आपल्याकडे निरखून बघतोय.

गुरुवारी संध्याकाळी सगळं गाव दरवर्षीप्रमाणे चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जमलं. भिंतीवर मोठा पडदा, टेबलांवर किल्बासा सॉसेज आणि कोबी. डेल पहिल्या रांगेत अँकर्सची टोपी घालून बसला होता. नॉर्बर्ट मागे, ऑर्सिनीबाईंशेजारी. पहिल्या सहा संघांनी भलतेच सहाजण उचलले. ऑप्पेगार्ड शिल्लक होता. हॉलमध्ये कुजबुज वाढली, आणि कॅमेरा नेमका त्याच्यावर गेला. निळ्या सुटात, शेजारी निळ्याच झग्यातली बुटकी आई. आईने त्याचा हात घट्ट धरला होता. बाहीतून मनगट आणि मनगटावरही चांगलं चार बोटं दिसत होतं.

ऑर्सिनीबाई पुढे वाकल्या. "ती बाही मी शिवलेली नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मग अँकर्सचं नाव पुकारलं गेलं. अँकर्सने लाथ मारणारा घेतला. किकर. सातव्या पाळीला, जेव्हा असली पोरं शेवटच्या फेरीत उरलेल्या भाजीसारखी मिळतात. कुणी ओरडलं नाही. डेलने टोपी काढून मांडीवर ठेवली, एवढंच. नॉर्बर्टने मात्र हिशेब लावला. पत्र पोचलं होतं. क्लबने ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा अँकर्सने त्याचं ऐकलं होतं, आणि त्याला पाय उचलून हॉलबाहेर जावंसं वाटलं.

आठव्या पाळीच्या संघाने क्षणही न दवडता ऑप्पेगार्डचं नाव दिलं. पोरगा उठला, आईला मिठी मारायला त्याने दोन्ही हात पसरले आणि कोट पाठीवर मधोमध कॉलरपासून खालपर्यंत उसवला. सगळ्या देशाने पाहिलं. हॉलमध्ये काहीजण हसले.

ऑर्सिनीबाई उठून उभ्या राहिल्या. "माझी शिवण उसवत नाही. फीत काढ."

"बाई, आत्ता—"

"कुबियाक, फीत काढ."

फीत त्याच्या खिशात असायचीच. बाईंनी पर्समधून स्वतःची काढली आणि किल्बासाच्या ताटाशेजारी दोन्ही टोकाला टोक लावून ठेवल्या. आकडे जुळेनात. नॉर्बर्टची फीत पहिल्या इंचापासूनच दीड इंच मागे होती. बाईंनी तिच्या टोकाची पितळी कडी बोटाने उचलली. फितीचं माप कडीच्या बाहेरच्या कडेपासून सुरू होतं. ही कडी अंगठीएवढी असायला हवी होती. होती ती चांगली बांगडीच्या अर्ध्याएवढी, म्हणजे या फितीने मोजलेलं सगळं दीड इंच आखूड भरायचं.

"ही कुठून आली?"

नॉर्बर्टला आठवलं, आणि आठवलं तसा तो खाली बसला. मूळ कडी १९९६ साली तुटली होती. ही न्हाणीघराच्या पडद्याची होती. सरकारी फीत दरवर्षी सहा आठवडे तपासणीला राजधानीत जायची, तेवढे दिवस काम अडू नये म्हणून तो ही घरची वापरायचा. सगळ्यांची मापं तपासायला तो होता. ही फीत तपासायला कुणी नव्हतं.

पहिल्या रांगेतून डेल मागे वळून हे सगळं बघत होता.

शुक्रवारी सकाळी नॉर्बर्ट क्लबच्या कचेरीत कबुली द्यायला गेला. रात्रभर त्याने वाक्यं जुळवली होती. दारातल्या टेबलावरच्या बाईने त्याचं नाव संगणकात घातलं.

"कुबियाक, नॉर्बर्ट. हो, रजिस्टर पत्र आलंय. बालविभागात आहे. ती पत्रं आम्ही जूनमध्ये चित्रांबरोबर उघडतो."

"म्हणजे कुणी वाचलंच नाही?"

"जूनमध्ये वाचू की."

"मग किकर का घेतला?"

बाईने इकडेतिकडे बघितलं. "तो फेब्रुवारीतच ठरला होता. मालकांना लाथा आवडतात."

आपल्यामुळे गावाचा घात झाला नाही हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. ते वाटलंही. पण आपल्यामुळे काहीच झालं नाही, हे एकतीस वर्षं शिक्का मारणाऱ्या माणसाला पचायला जड गेलं. तो बसने न जाता चालत घरी आला.

दुपारी फोन वाजला. ऑप्पेगार्ड होता. नंबर त्याने सुटाच्या खोक्यावरून घेतला होता.

"सर, सॉरी म्हणायला फोन केला. इतका चांगला सूट, मी मिठी मारताना फाडला. आईने तो नीट घडी करून ठेवलाय. ती म्हणते उसवलेलं शिवता येईल."

नॉर्बर्टने फोनची वायर बोटाला गुंडाळली. "बाळा, मी शिंपी नाही," तो म्हणाला, आणि पंपापासून पडद्याच्या कडीपर्यंत सगळं सांगितलं. रजिस्टर पत्रसुद्धा सांगितलं.

"मग माझा हात किती आहे?"

"सव्वापस्तीस."

"ते मला माहीत होतं, सर," पोरगा म्हणाला. तो हसतोय हे ऐकू येत होतं. "पण सूट फुकट कुणी पाठवत नाही. आई विचारत होती, त्या शिवणाऱ्या बाईंचं नाव काय."

नॉर्बर्टने नाव सांगितलं, नीट अक्षरं फोडून.

आता एकच काम उरलं होतं, आणि ते टाळायला त्याने हिरवळ कापली, मग कडेने पुन्हा कापली. कुंपणापलीकडे डेल खुर्ची टाकून बसला होता. नॉर्बर्टने यंत्र बंद केलं.

"डेल. अठ्ठ्याण्णव साली तुझा गालिचा मी याच फितीने मोजला. सरकारी फीत त्या वेळी राजधानीत होती. दीड इंच फितीचा दोष होता. मी काचेवर नोटीस लावली ती चूक होती. मी हे लिहून द्यायला तयार आहे. वर्तमानपत्रात द्यायचं तर तेही."

डेलने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"नोटिशीवर किती लिहिलं होतंस?"

"साडेचार इंच कमी."

"त्यातले दीड तुझे," डेल म्हणाला. "तीन माझे."

नॉर्बर्टने यंत्राच्या दांड्यावरचे हात काढले. सत्तावीस वर्षं त्याने या माणसावर संशय घेतला होता, आणि आज सकाळपासून पहिल्यांदाच सोडला होता.

"तीन इंचांनासुद्धा नोटीस लागलीच असती," तो म्हणाला.

"माहीत आहे," डेल म्हणाला. "म्हणून तर मी कधी तक्रार केली नाही." त्याने पाय लांब करून समोरची रिकामी खुर्ची थोडी पुढे ढकलली. "बस. आणि मला सांग, लाथ मारणारा घेऊन आपण काय करणार आहोत?"